काकांचे बत्तीस दगड

आमचे काका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, तोंडात बघून बोलतात. समोरचा आपल्या आईच्या ऑपरेशनचं सांगत असतो आणि हे त्याच्या वरच्या ओठाखाली नजर रोवून, डावा डोळा अर्धा मिटून, 'हं... हं...' करत उभे. त्या बिचाऱ्याला वाटतं, किती मन लावून ऐकतायत. त्याची पाठ वळली की काका म्हणतात, "ए थ्री. कडेला करडी झाक. चहा फार पितो." त्याच्या आईचं कसं आहे म्हणून विचारावं, तर म्हणतात, "कुणाची आई?"

काका दातांच्या लॅबमध्ये कामाला आहेत. डॉक्टर नाहीत. पण गल्लीत कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली तर ती चूक दुरुस्त करायची घाई त्यांना कधीच नसते. डॉक्टर माप घेतो, साचा लॅबला पाठवतो आणि मग एका तळघरात, जिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लागते, काका त्या साच्यावर बसेल असा दात घडवतात. मी दोनदा गेलेय तिथे. फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर, सगळे आ वासून. भाषण करणाऱ्याने 'शेवटी' म्हणून परत पहिल्यापासून सुरुवात केली की सभेची तोंडं होतात, तशी. मधोमध काका, डोळ्याला भिंग, हातात चार केसांचा ब्रश. ओल्या पोर्सिलेनचा थर लावायचा, भट्टीत घालायचा, काढायचा, घासायचा, परत थर. दिवसाला तीन दात होतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस अकरा करतो. त्याला काका 'कपबशीवाला' म्हणतात.

का म्हणतात ते कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतात. आधी नाकाने लांब श्वास. मग एक बोट वर. "पांढरा दात कुणीही करेल. पांढरा दात म्हणजे काय? कपबशी. जिवंत दात मुळाशी पिवळा असतो, टोकाला आरपार असतो, आणि त्यात कुठेतरी एक, एकच, चूक असते. ठिपका म्हण, चीर म्हण. ती चूक घातली, की झाला तो नैसर्गिक." या शेवटच्या शब्दातल्या 'नै'वर ते इतका वेळ थांबतात की तेवढ्यात कपबशीवाल्याचा एक दात होऊन जातो.

आजीची अख्खी कवळी काकांनी केलेली आहे. ती कवळी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण.

"कॅलेंडरवरच्या बाईसारखे दात करून दे म्हटलं होतं याला," आजी दाराशी आलेल्या कुणालाही सांगते, अगदी मीटर बघायला येणाऱ्यालाही. "तर या गुणी बाळाने आईच्या दातांना डाग पाडले. शिवाय खालचा एक वाकडा बसवला."

"आई, तुझा मूळचा तसाच होता."

"म्हणूनच तर उपटला ना रे."

आई-बाबांची बदली झाली तेव्हा शाळा बदलायला नको म्हणून मी काका-काकूंकडे राहायला आले. मागची खोली तुझी, असं ठरलं होतं. "दोन महिने दे, माझं सामान काढतो," काका म्हणाले होते. चौदा महिने झाले. त्या चौदा महिन्यांत मी हॉलमध्ये घडीच्या खाटेवर झोपत होते आणि बाथरूमला जाणारा प्रत्येक जण येता-जाता माझ्या पायाला गुडघा लावून जात होता. सकाळी साडेसहाला आजी माझ्या उशाशी टीव्ही लावायची आणि आवाज कमी कर म्हटलं की म्हणायची, "मग मला कसं ऐकू येणार?" माझी पुस्तकं चपलांच्या कपाटावर असायची. मैत्रिणी घरी येऊ नयेत म्हणून मी तेवढ्यात आजीला चार वेळा आजारी पाडलं होतं.

आणि मागच्या खोलीत काय, तर काकांचा 'स्टुडिओ'.

यात दोष माझाच आहे. मी आले त्याच आठवड्यात हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तो ठोकळ्यांचा गेम खेळत होते. काका मागे येऊन उभे राहिले. डावा डोळा अर्धा मिटला.

"हा दगड कुणी केलाय?"

"गेमवाल्यांनी."

"मेलेला आहे."

"काका, तो दगड आहे."

"दगड असला म्हणून काय झालं?"

मी तिथेच कॉम्प्युटर बंद करायला हवा होता. त्याऐवजी मी शहाणपणा करून त्यांना सांगितलं की ते चित्र बदलता येतं. या गेममध्ये सगळं जग ठोकळ्यांचं असतं. मातीचा ठोकळा, दगडाचा, लाकडाचा. ते एकावर एक रचून घरं, पूल, शहरं बांधायची. प्रत्येक ठोकळ्याच्या अंगावर एक चौकोनी चित्र चिकटवलेलं असतं, सोळा ठिपके आडवे, सोळा उभे. दगडाचं चित्र एकच. तेच जगातल्या सगळ्या दगडांना लागतं. ते बदललं की सगळे दगड बदलले. अशी सगळी चित्रं नव्याने काढून एक गठ्ठा बांधला की तो झाला टेक्स्चर पॅक. आमच्या वर्गात एकीने सगळं जग गुलाबी केलं होतं. एकाने दगडावर मुख्याध्यापकांचा चेहरा लावला होता आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक खाण खणली. या कामाला दुपार पुरते, त्यातही मध्ये जेवण होतं.

काकांच्या कानात मात्र एवढंच शिरलं: सोळा बाय सोळा. कारण त्यांच्या खिशात जी दातांच्या रंगांची पट्टी असते, तिच्यावर छटाही सोळाच, ए वनपासून डी फोरपर्यंत. "योगायोग नाही हा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मागच्या खोलीत गेला. त्याच्यामागे टेबल गेलं, टेबलामागे दिवा, आणि दिव्यामागे काका.

त्या पॅकचं नाव त्यांनी 'सजीव' ठेवलं. एका गवताला तीन रविवार लागले. वाळूचा रंग ठरवायला ते ती दातांची पट्टी स्क्रीनला लावून बघत, एकेक दात पुढे सरकवत, "बी टू... नाही, जरा उबदार... बी थ्री," असं पुटपुटत. त्यामुळे त्यांच्या वाळवंटाकडे बघितलं की कुणीतरी नुकतीच सिगारेट सोडलीय असं वाटतं. बर्फाची तीच गत. बर्फ पांढरा काढला तर तो कपबशीवाल्याचा झाला असता, म्हणून काकांचा बर्फ मुळाशी पिवळा आहे. कुत्रं येऊन गेल्यासारखा. हे मी तोंडावर म्हणाले होते. काका म्हणाले, "नै... सर्गिक आहे ते."

हे असंच चाललं असतं आणि मी म्हातारी होऊन त्याच खाटेवर कवळी काढून झोपले असते. पण मध्ये कप्तान आल्या.

कप्तान म्हणजे इंटरनेटवरच्या एका टोळीच्या प्रमुख. चाळीसेक माणसं मिळून त्या गेममध्ये एक भलंमोठं शहर बांधतायत, आणि ही बाई म्हणेल ती पूर्व दिशा. खऱ्या आयुष्यात त्या कुठल्याशा दवाखान्यात एक्स-रे काढतात, आणि बोलतातही तशाच. "थांबा. हलू नका. झालं. पुढचा." नव्या शहरासाठी त्यांना एक पॅक निवडायचा होता आणि ज्याला दाखवायचाय त्याने रविवारी बाराला कॉलवर यावं, असं त्यांनी कळवलं होतं. काकांनी नाव दिलं, आणि ही बातमी जेवताना अशी सांगितली की जणू त्यांची कुठल्यातरी सिंहासनावर नेमणूक झालीय आणि मुकुटाचं माप तेवढं द्यायचं राहिलंय.

काकूंनी चमचा खाली ठेवला. काकू बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करतात. बावीस वर्षं. त्यांना आता घरातही दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही.

"कृपया लक्ष द्या," काकू म्हणाल्या. "मागच्या खोलीत गेले चौदा महिने उभी असलेली गाडी एकतर सुटेल, नाहीतर फलाट रिकामा करेल. रविवारी त्या बाईंनी पॅक घेतला, तर खोली यांची. कायमची. नाही घेतला, तर संध्याकाळी सहा वाजता खोली हिची. यात बदल होणार नाही."

"घेतीलच," काका म्हणाले.

"मी विचारलं नाही. मी सांगितलं."

"आणि कायमची म्हणजे?" मी विचारलं. "मी आणखी दोन वर्षं आहे इथे."

"कायमची म्हणजे कायमची. आपल्या सामानाची काळजी प्रवाशांनी स्वतः घ्यावी."

आजी तोंडातला घास सावकाश चावत माझ्याकडे बघत होती. "पोरी," ती म्हणाली, "खाटेला नवं कापड घे शिवून."

शुक्रवारी दुपारी काका लॅबमध्ये होते. मी टेप घेऊन मागच्या खोलीत गेले; खोली मिळालीच तर माझ्यासाठी घ्यायचं टेबल खिडकीखाली बसेल का, तेवढंच मापायला. कॉम्प्युटर चालू होता. गेम उघडा होता, 'सजीव' लावलेला. ओसाड सपाट मैदान आणि त्यात मधोमध एक दगड. एकच.

मला हे लिहायचं नाहीये, पण तो दगड छान होता. गेममधला मूळचा दगड म्हणजे करड्या रंगावर कुणीतरी शिंकल्यासारखा. हा तसा नव्हता. खालून जरा उबदार, वरच्या कडेला पातळ होत गेलेला, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्याजवळ एक बारीकसा फिकट ठिपका आणि त्याच्यातून निघालेली चीर. हात लावला तर गार लागेल असा. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. गेली खोली.

मग म्हटलं, जाताजाता निदान एक भिंत तरी बांधू. आपली खोली बांधायची नशिबात नाही तर गेममध्ये बांधू. बारा ठोकळे लांब, बारा उंच. बांधली, मागे सरकून बघितली, आणि मी तिथेच खुर्चीवर दात काढून हसत बसले.

ठिपका. दुसरा ठिपका. तिसरा. प्रत्येक दगडाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तोच ठिपका, तीच चीर, त्याच कोनात. एकशे चव्वेचाळीस. भिंत कसली, शाळेच्या गणवेशाचं कापड. गवत पसरून बघितलं. काकांनी प्रत्येक चौकोनात एक, एकच, वाळलेली काडी काढली होती, नैसर्गिक दिसावी म्हणून. त्यामुळे अख्खं कुरण म्हणजे ओळीने टाचण्या टोचलेली उशी झालं होतं. लाकडाच्या फळीला एक गाठ. घराला दोनशे गाठी, कवायतीला उभ्या.

एका दातात एक चूक घातली तर माणूस फसतो. तोच दात बत्तीस वेळा बसवला तर माणूस पळून जातो. एवढं या माणसाला कळू नये, ज्याने आयुष्यात दोन दात एकसारखे केलेले नाहीत. पण मग माझ्या लक्षात आलं: त्यांना हे दिसलेलंच नव्हतं. गेममध्ये ते बाकी काही करतच नव्हते. एक ठोकळा मैदानात ठेवायचा, भोवती फिरायचं, वाकून बघायचं, उचलायचा, परत जाऊन रंग बदलायचा. तोंडात एक दात बसवून बघतात तसं. चौदा महिन्यांत काकांनी एकही भिंत बांधलेली नव्हती. ते हा गेम कधी खेळलेच नव्हते.

मी भिंत पाडली, सगळे ठोकळे पुसले आणि त्यांचा एकुलता एक दगड होता तिथे परत ठेवला. मग खिडकीखालच्या जागेचं माप घेतलं. टेबल बरोबर बसणार होतं.

शनिवारी जेवण झाल्यावर काकांनी हाक मारली. "ये. बघ. पण नीट बघ." पुन्हा तेच मैदान, तोच दगड. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवून दाखवला, सराफ अंगठी दाखवतो तसा.

"कसा वाटतो?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं होतं. एक दिवस हातात होता. पण हॉलमधून आजीच्या टीव्हीवरची बाई किंचाळली, आणि मला माझी उशी आठवली.

"एकटा असेल तर छान दिसतो," मी म्हणाले.

काकांनी त्यातलं 'छान' तेवढं उचललं. "हं," ते म्हणाले, आणि लाजले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस एका दगडापायी लाजताना बघणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

रविवारी पावणेबाराला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कॉलवर फक्त आवाज असतो, चेहरा दिसत नाही, हे मी दोनदा सांगितलं. आजीही कवळी लावून खुर्ची ओढून बसली. काकू दारात उभ्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मी खाटेची घडी घालून भिंतीला टेकवून आले होते. असंच आपलं, झाडायला बरं पडतं म्हणून.

आमच्या आधी दोघांचे पॅक झाले. एकाचं सगळं जग चमकत होतं, दुसऱ्याचं चित्रकथेसारखं होतं. "झालं. पुढचा," असं म्हणून कप्तानांनी दोघांनाही वाटेला लावलं.

"पुढचा. 'सजीव'. कोण आहे?"

"नमस्कार," काका म्हणाले. नाकाने लांब श्वास घेतला. मला कळलं, आता बोट वर जाणार. गेलंच. "दाखवण्याआधी थोडं बोलतो. पांढरा दगड कुणीही करेल..."

"दादा, दाखवा आधी. मी लावतेय आमच्या शहरावर. थांबा. हलू नका."

स्क्रीनवर त्यांचं शहर होतं. पुढे वेस, वेशीच्या दोन्ही बाजूंना तीनशे ठोकळे लांब तट, मागे माड्यांमागे माड्या. क्षणभर सगळं काळं झालं. मग 'सजीव' लागला.

कुणीच काही बोललं नाही. काकांना ती शांतता आवडली. त्यांनी आमच्याकडे वळून मान हलवली, बघितलंत ना, अशी. मग त्यांनी परत स्क्रीनकडे बघितलं. डावा डोळा अर्धा मिटला. मग हळूहळू पूर्ण उघडला.

"कप्तान," कॉलवरचा एक चिरका आवाज म्हणाला, "तटाला गोवर आलाय."

"गोवर असा रांगेत येतो का रे? बटणं शिवलीत ती."

"गवत बघा, गवत. कुणाच्या तरी पायात जाईल ते."

"अरे, बर्फ कुणी बघितला का? जाऊ नका तिकडे. सांगून ठेवतो."

चाळीस माणसं हसली की स्पीकरमधून नुसती खरखर येते. काकांचा आवाज त्या खरखरीतून आला. "तो ठिपका मुद्दाम आहे. नैसर्गिक आहे तो."

"एक ठिपका नैसर्गिक असतो, दादा," कप्तान म्हणाल्या. "नऊ हजार ठिपके एका रांगेत म्हणजे छपाई. तुम्ही भिंत बांधून बघितली नव्हती?"

काकांनी खिशातली दातांची पट्टी काढली आणि परत ठेवली.

"खेळता ना तुम्ही हा गेम?"

"मी..." काका म्हणाले. "मी दगड करतो."

परत खरखर. कप्तानांनी ती थांबवली. "गप्प बसा सगळे. दादा, एकेकटं चित्र घेतलं तर हात चांगला आहे तुमचा. पण शहराला हे चालत नाही. एकाच दगडाची वीस-तीस वेगवेगळी चित्रं दिली तर गेम आपोआप ती मिसळून लावतो, मग ओळी दिसत नाहीत. पण तेवढी हाताने काढत कोण बसणार. जाऊ दे. झालं. पुढचा."

कॉल संपला. आजीने कवळी काढून वाटीत ठेवली. "फुकट लावली," ती म्हणाली.

सहा वाजता काकूंनी घोषणा केली नाही. नुसतं घड्याळ बघून काकांकडे बघितलं. आधी दिवा निघाला, मग कॉम्प्युटर, मग टेबल. टेबलाचं एक टोक मी धरलं होतं. ते हॉलमध्ये नेमकं कुठे ठेवलं माहितीये? जिथे माझी खाट होती, तिथेच. इंचाचाही फरक नाही.

टेबल ठेवून काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"शुक्रवारी. भिंत बांधली होती मी."

"मग बोलली का नाहीस?"

मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

काकांनी नाकाने लांब श्वास घेतला. मला वाटलं, आता भाषण होणार. "हं," ते म्हणाले. "बरोबर आहे." आणि वायर लावायला टेबलाखाली शिरले. भाषण दिलं असतं तर बरं झालं असतं. टेबलाखाली शिरलेल्या माणसाच्या नुसत्या टाचा दिसतात आणि त्यांच्याशी भांडता येत नाही.

तेव्हापासून खोली माझी आहे. दार लागतं. माझं नवं टेबल खिडकीखाली आहे. आणि काका हॉलमध्ये आजीच्या टीव्हीशेजारी बसून, कानात कापूस घालून, दगड काढतात. आता बाथरूमला जाताना सगळ्यांचे गुडघे त्यांना लागतात. एखाद्या रेघेच्या मध्येच गुडघा लागला की कसं वाटतं, ते आता त्यांना कळतं. मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. आता त्यांची नजरही सुधारली. म्हणजे बिघडली. जेवताना आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं की ते घास हातात धरून बघत बसतात. लॅबमधून जुने प्लास्टरचे जबडे पिशवीत घालून घरी आणतात. एकदा काकू उशिरा आल्या, दिवा लावला आणि टीव्हीवर सहा जबडे बघून बसस्टँडच्या आवाजात म्हणाल्या, "बेवारस वस्तू आढळल्यास त्वरित कळवावे."

तीन महिने लागले. मग एका रविवारी त्यांनी परत कॉल लावला. या वेळी इस्त्री नाही, बोट नाही, पांढऱ्या दगडाची गोष्ट नाही. "एकच दगड आणलाय," म्हणाले. "बत्तीस प्रकारचा."

"बत्तीस?" कप्तान म्हणाल्या. "हाताने? थांबा. हलू नका."

तट पुन्हा काळा झाला आणि मग उभा राहिला. तीनशे ठोकळे लांब. कुठे ओळ नाही, कुठे बटण नाही. एखाद्या दगडाला चीर होती, एखादा कडेला झिजलेला, एक जरा वाकडा बसलेला, आणि सगळे मिळून असे दिसत होते की तट बांधून चारशे वर्षं झालीत आणि कुणी त्याच्यावर उन्हात पाठ टेकून बसतं. चिरका आवाज गप्प होता. त्याला गप्प ऐकायला बरं वाटलं.

"घेते," कप्तान म्हणाल्या. "गवताचंही असंच करा. पुढचा."

आजीने चष्मा लावून स्क्रीनला नाक टेकवलं. "हा वाकडा माझा," ती म्हणाली. "चारचौघांत लावलास ना शेवटी."

मग मलाही दिसला. वेशीवरच्या ओळीत डावीकडून तिसरा, खालचा कोपरा तिरका तुटलेला. मी आठवीत सायकलवरून पडले तेव्हाचा माझा पुढचा दात. आता तो तसा नाही. त्याच्यावर काकांनीच केलेली टोपी आहे, आणि आमच्या वर्गातल्या टवाळांनाही, ज्यांना माझं सगळं दिसतं, ती कधी दिसलेली नाही. पण जुना साचा त्यांनी ठेवला होता. चाळीस अनोळखी माणसं रोज माझ्या तुटक्या दाताखालून गावात शिरणार आहेत.

"काढा तो," मी म्हणाले.

"का? चांगला आहे. ए वन. घरात तुझाच काय तो ए वन." मग काकूंकडे वळले, आवाज जरा मऊ करून. "आता घेतला ना त्यांनी पॅक. मग... खोलीचं?"

"ती गाडी गेली," काकू म्हणाल्या.

"पण तू म्हणाली होतीस, घेतला तर..."

"रविवारी म्हणाले होते. तो रविवार. चौकशीची खिडकी बंद झाली आहे."

काका 'हं' म्हणाले. मग गवताची फाइल उघडली आणि ती वाळलेली काडी बघत बसले. "दगडाला बत्तीस पुरले," ते स्वतःशीच म्हणाले. "गवताला किती लागतील? एकसारखी असून चालणार नाही. दाट हवीत, कुठे विरळ हवीत, कुठे उगाच एक उभी..."

आणि खुर्ची वळवून, डावा डोळा अर्धा मिटून, ते माझ्या केसांकडे बघायला लागले.

मी खोलीत गेले आणि कडी लावली.